हायब्रीड गाडीचे नववे वर्ष

गेल्या काही वर्षांत हायब्रीड मोटारीविषयी सरकारे बरेच बोलली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नव्या दरांनी चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या हायब्रीड गाडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्याहून मोठ्या हायब्रीडला ४० टक्क्यांच्या टप्प्यात ठेवले. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रीड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. त्याच महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने टोयोटाशी छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. तेथे विद्युत आणि हायब्रीड मोटारी तयार व्हायच्या आहेत. केंद्राच्या इंधन-कार्यक्षमतेच्या निकषांत तर कंपनीची सरासरी काढताना एक स्ट्राँग हायब्रीड दोन गाड्यांइतकी मोजली जाते.

हे सारे निर्णय गाडी बनण्याविषयी किंवा विकली जाण्याविषयी आहेत. विकली गेलेली गाडी नवव्या वर्षी बंद पडली तर ती कोण दुरुस्त करील, कोठे करील आणि किती पैशांत, याविषयी यांपैकी एकही निर्णय बोलत नाही. हा ग्राहकाचा खासगी प्रश्न आहे, असे उत्तर मला सचिवालयाच्या बैठकांतून पूर्वी अनेकदा ऐकायला मिळाले आहे. माझ्या मते ते उत्तर चुकीचे आहे. करसवलत ही सार्वजनिक पैशाची गुंतवणूक असते आणि तिचा मोबदला म्हणजे वाचलेले इंधन. ते इंधन विक्रीच्या दिवशी वाचत नाही; गाडी धावत राहील तितकी वर्षे थोडे थोडे वाचते. गाडीतली हायब्रीड यंत्रणाच निकामी झाली आणि दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाने ती तशीच सोडून दिली, तर सरकारने आगाऊ दिलेला पैसा बुडीत खात्यात जातो.

असे घडू शकते, याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. आपल्याकडे ‘हायब्रीड’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळी यंत्रे विकली जातात. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमधून आणलेली सौम्य हायब्रीड प्रणाली हे पहिले यंत्र. तिच्यात पट्ट्याने इंजिनाला जोडलेले एकच यंत्र स्टार्टरचे आणि जनित्राचे काम करते, सिग्नलला इंजिन बंद पडू देते आणि वेग घेताना थोडा हातभार लावते. केवळ विजेवर ही गाडी चालत नाही. २०१८ पासूनच्या पेट्रोल गाड्यांत तिला पुढच्या आसनाखाली बसवलेल्या छोट्या लिथियम-आयन बॅटरीची जोड मिळाली. दुसरे यंत्र म्हणजे स्ट्राँग हायब्रीड: ग्रँड विटारा, हायरायडर किंवा होंडा सिटीच्या हायब्रीड आवृत्तीतले. तेथे उच्च दाबाचा बॅटरी संच, इन्व्हर्टर आणि विद्युत मोटार मिळून गाडी काही अंतर इंजिनाविना चालवतात.

पहिल्या प्रकारात पट्टा सैल होतो, जोडयंत्रात दोष निर्माण होतो किंवा छोटी बॅटरी क्षीण होते. डिसेंबर २०१९ मध्ये मारुतीने सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल-६ या पेट्रोल हायब्रीड गाड्यांपैकी ६३,४९३ गाड्या याच जोडयंत्राच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. पण बॅटरीच क्षीण झाली, तर अनेकदा गाडी बंद पडत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, सिग्नलला इंजिन बंद होणे थांबते आणि ती एक साधी पेट्रोल गाडी म्हणून धावत राहते. मालकाला दुरुस्तीची निकड वाटत नाही. सरकारच्या कागदावर मात्र ती हायब्रीडच असते. ‘फेम’ योजनेत एप्रिल २०१५ पासून सौम्य हायब्रीड गाड्यांना अनुदान मिळत होते. एप्रिल २०१७ पासून ते थांबवण्यात आले. त्या गाड्या आज आठ ते दहा वर्षांच्या आहेत. त्यांतील किती गाड्यांची यंत्रणा अजून काम करते, हे पाहण्याची तरतूद त्या अनुदानात नव्हती.

दुसऱ्या प्रकारातील बिघाड खर्चाच्या क्रमाने मांडले, तर चित्र स्पष्ट होते. बॅटरी संच थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो. त्याची जाळी धुळीने चोंदते. ती साफ करण्याचा खर्च शेकड्यांत असतो. न केल्यास संचाचे आयुष्य घटते. बारा व्होल्टची साधी दुय्यम बॅटरी मेली तर मोठा संच शाबूत असूनही गाडी सुरूच होत नाही. तो खर्च काही हजारांचा. मोटारीच्या साहाय्याने वेग कमी होत असल्यामुळे ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. मात्र कमी वापरामुळे दमट हवेत कॅलिपर गंजून अडकतात. उंदीर वायरी कुरतडतात. उच्च दाबाची नारिंगी केबल त्यांच्या तावडीत सापडली, तर ती जोडून भागत नाही, बदलावी लागते. शेवटी येतात इन्व्हर्टर आणि बॅटरी संच. येथे आकडा लाखाच्या भाषेत बोलू लागतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या, त्या इन्व्हर्टरच्या नियंत्रण-प्रणालीतील दोषामुळे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, स्ट्राँग हायब्रीड हे नाजूक यंत्र नव्हे. तिच्यात वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नसतो, नेहमीचा गिअरबॉक्स नसतो, इंजिनावर ताण कमी येतो. जगातील अनेक शहरांत प्रियस टॅक्सी लाखो किलोमीटर धावल्या आहेत. किरकोळ देखभाल साध्या गाडीपेक्षा बहुधा स्वस्तच पडते. अडचण अशी की, खर्च विरळा येतो. पण आला की एकदम येतो. शंभर टॅक्सी बाळगणारी कंपनी हा धोका वाटून घेऊ शकते. एकच गाडी असलेल्या कुटुंबाला ती सोय नाही.

बॅटरी संचाची किंमत तरी खरोखर कशाची असते? हायरायडर आणि ग्रँड विटारा यांतील संच ०.७६ किलोवॉट-तासांचा आहे. ब्लूमबर्गच्या संशोधन विभागाने २०२४ मध्ये लिथियम-आयन संचाची जागतिक सरासरी किंमत किलोवॉट-तासाला ११५ डॉलर अशी नोंदवली. त्या दराने हा संच साडेसात हजार रुपयांच्या आसपास यायला हवा. हायब्रीडचे सेल झटपट शक्ती देणारे असल्याने महाग असतात, आवरण, संवेदक व नियंत्रण मंडळ यांचाही खर्च असतो, हे सगळे मान्य केले तरी ग्राहकाला सांगितली जाणारी किंमत याच्या कितीतरी पट असते. मधला फरक सेलमधल्या रसायनाचा नाही. संच सीलबंद असणे, विकणारा एकच असणे आणि आतला एक खंड बदलण्याची सोय अधिकृत व्यवस्थेत नसणे, यांचा तो फरक आहे. जुन्या प्रियसच्या संचात २८ खंड असत. त्यांतला एखादाच दुबळा झालेला असला, तरी अधिकृत केंद्र संपूर्ण संच बदलते. स्वतंत्र कारागीर तेवढाच खंड शोधून काढतो.

आता तीन आकडे शेजारी ठेवून पाहू. कंपन्यांनी स्वतःहून गाड्या परत बोलावल्या नाहीत, तर सरकारने त्यांना तसे भाग पाडण्याची व्यवस्था २०२१ पासून लागू झाली. ती सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरती आहे. स्ट्राँग हायब्रीडच्या बॅटरी संचाची वॉरंटी साधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. आणि खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे सातव्या वर्षी राज्यसंस्थेचे संरक्षण संपते, आठव्या वर्षी उत्पादकाचे. त्यानंतरची सात वर्षे गाडी कायद्याने रस्त्यावर राहण्यास पात्र आहे, पण तिच्या सर्वांत महागड्या भागाची जबाबदारी कोणावरही नाही. ग्रँड विटारा, हायरायडर आणि सिटी हायब्रीड या तिन्ही २०२२ मध्ये बाजारात आल्या. त्यांची नवव्या वर्षातली पहिली तुकडी २०३० मध्ये दिसेल. तयारीला अवधी आहे, पण फार नाही.

त्या वेळी या गाड्या कोठे असतील? चेन्नई, बंगळूरु किंवा पुण्यातला पहिला मालक गाडी सहसा सहा-सात वर्षांत विकतो आणि ती तालुक्याच्या गावाकडे जाते. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे असे एक गाव आहे. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विसेक किलोमीटरवर. भात आणि नारळ ही तिथली पिके. रस्त्याकाठच्या गॅरेजमध्ये डिझेल पंप, ट्रॅक्टर आणि साधी मोटार उत्तम दुरुस्त होते. तिथल्या माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी शहरातून वापरलेली सौम्य हायब्रीड गाडी घेतली. वर्षभरात डॅशबोर्डवर दिवा लागला. गावच्या मिस्त्रीने प्रामाणिकपणे सांगितले की, या गाडीचे दोष-संकेत वाचणारे उपकरण त्याच्याकडे नाही. शहरातील सेवा केंद्राने एका ओळीत एकूण रक्कम सांगितली. कोणता भाग बिघडला, त्याची किंमत किती, मजुरी किती, याची फोड मागूनही मिळाली नाही. शिक्षकांनी दिवा तसाच ठेवला. गाडी अजून धावते. तिची सिग्नलला इंजिन थांबवण्याची यंत्रणा तेवढी बंद आहे.

हे उदाहरण लहान आहे आणि म्हणूनच ते प्रातिनिधिक आहे. हीच गाडी स्ट्राँग हायब्रीड असती, तर दुर्लक्ष करण्याचीही मुभा राहिली नसती. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात या तालुक्यातल्या नारळबागा आडव्या झाल्या होत्या. एकरकमी फटका म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

ओरत्तनाडुचे नाव घेण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते टाळता येत नाही. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ मोठे छत्र बांधले. रामेश्वरच्या वाटेवरील अशा अनेक छत्रांपैकी ते एक. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी छत्रांची व्यवस्था आपल्याकडे राहावी, असा सरफोजींचा आग्रह होता. १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांमधील अन्नदानाचे, आजारी वाटसरूंच्या औषधोपचाराचे आणि अनाथ मुलांच्या शिक्षणाचे वर्णन केले आहे. या व्यवस्थेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग इमारतीचा नव्हे, तिच्या मागच्या हिशेबाचा आहे. छत्रांना जमिनीचे उत्पन्न लावून दिलेले असे. बांधकाम एकदाच होते, खर्च मात्र रोजचा असतो, हे देणाऱ्याने गृहीत धरले होते. आमच्या अर्थसंकल्पीय परिभाषेत सांगायचे तर भांडवली खर्च मंजूर करतानाच आवर्ती खर्चाची तजवीज केलेली होती. आजचे वाहन धोरण नेमके येथे अपुरे पडते.

ओरत्तनाडुहून दक्षिणेस मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्यावर गेले की, सरफोजींनीच नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ उभारलेला मनोरा दिसतो आणि समोर पाल्कची सामुद्रधुनी. तिच्या पलीकडे श्रीलंका आहे. छोट्या हायब्रीडचे नववे वर्ष कसे असते, याचा धडा त्या देशाने आधीच गिरवला आहे. गेल्या दशकात जपानहून तेथे वापरलेल्या टोयोटा अ‍ॅक्वा, प्रियस आणि होंडा फिट हायब्रीड मोठ्या संख्येने आल्या. यांतील होंडा फिटच्या २०१३ मधील पिढीचा इतिहास बोधप्रद आहे: नव्या हायब्रीड प्रणालीच्या गाड्या वर्षभरात इतक्यांदा परत बोलवाव्या लागल्या की, ऑक्टोबर २०१४ मधील पाचव्या खेपेनंतर होंडाच्या अध्यक्षांसह वरिष्ठांनी स्वतःच्या वेतनात कपात स्वीकारली. मार्च २०२० मध्ये परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने वाहन आयात थांबवली आणि खासगी मोटारींसाठी ती २०२५ च्या आरंभापर्यंत बंद राहिली. जुनी गाडी टाकून नवी घेण्याचा पर्याय उरला नाही. कोलंबोतील पंचिकावत्ता हा सुट्या भागांचा जुना बाजार आणि गावोगावचे स्वतंत्र कारागीर यांनीच या गाड्या चालत्या ठेवल्या. दुबळे खंड बदलून संच पुन्हा बांधणे, हा तेथे एक रीतसर व्यवसाय झाला. संकटाने जे घडवले, ते धोरणाने आधीच घडवणे शहाणपणाचे नाही काय?

या तुलनेत आपल्या करव्यवस्थेची एक विसंगतीही उघड होते. अ‍ॅक्वाची लांबी ३,९९५ मिलिमीटर. आपल्या चार मीटरच्या मर्यादेत ती जेमतेम बसते. पण तिचे इंजिन दीड लिटरचे आहे. म्हणजे आशियातील एक सर्वाधिक परिचित छोटी हायब्रीड आपल्या कायद्याच्या लेखी छोटी ठरत नाही आणि ४० टक्के करास पात्र होते. १८ टक्क्यांचा लाभ आज मिळतो तो प्रामुख्याने सौम्य हायब्रीडला. म्हणजे ज्या यंत्रणेचा बिघाड निमूटपणे दुर्लक्षिला जातो, तिलाच.

दुरुस्तीच्या बाजाराविषयी आपल्याकडे विचारच झालेला नाही, असे मात्र नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना न देणे, हा आक्षेप होता. ती खुल्या बाजारात उपलब्ध करावीत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट नाकारू नये, असा आदेश होता. दंडाचा वाद अपिलांत गेला आणि आदेशाचा गाभा मागे पडला. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारीही होत्या. पुढे दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाची आखणी झाली, ती स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून सुरुवात करण्याची. फोनचे आयुष्य तीन-चार वर्षांचे आणि मोटारीचे पंधरा वर्षांचे; प्राधान्यक्रम उलटा असायला हवा होता.

कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो आणि तो पोकळ नाही. हायब्रीडच्या संचातील दीडशे-दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह जीव घेऊ शकतो. काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षा-प्लग काढणे, इन्व्हर्टरमधील साठलेली वीज उतरेपर्यंत थांबणे, विद्युतरोधक हातमोजे वापरणे हे सारे शिकावेच लागते. पण याचा अर्थ मिस्त्रीला मज्जाव करणे असा होत नाही. त्याला शिकवून परवाना देणे असा होतो. गावातल्या वायरमनबाबत आपण हेच करतो. तमिळनाडूने ७१ शासकीय आयटीआय उद्योगाच्या सहकार्याने अद्ययावत केल्या आहेत. तेथे नव्या विद्यार्थ्यांबरोबर गॅरेजमध्ये वीस वर्षे घालवलेल्या कारागिरासाठीही सायंकालीन अल्प अभ्यासक्रम का असू नये? महाराष्ट्रात संभाजीनगरच्या प्रकल्पाला सवलती देताना मराठवाड्यातील आयटीआयना हे प्रशिक्षण आणि सरावासाठी जुने संच पुरवण्याची अट घालता येईल. करारानंतर ती घालणे अवघड असते.

करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. एक, करसवलत किंवा इंधन-निकषांतील जादा गुण घेणाऱ्या प्रत्येक हायब्रीडसाठी बॅटरी संच, इन्व्हर्टर, जोडयंत्र अशा महागड्या भागांची कमाल किंमत आणि मजुरी विक्रीच्या वेळी लेखी जाहीर व्हावी आणि ते भाग पंधरा वर्षे उपलब्ध राहावेत. दोन, संचातील सुटा खंड बदलता येईल अशी रचना असणाऱ्या गाडीलाच पूर्ण सवलत मिळावी. तीन, दोष-संकेत वाचण्याची मुभा परवानाधारक स्वतंत्र गॅरेजला वाजवी शुल्कात मिळावी; २०१४ च्या आदेशाचा अर्थ तोच होता. चार, सक्तीच्या परतबोलावणीची मर्यादा हायब्रीड आणि विद्युत भागांपुरती सात वर्षांवरून बारा वर्षांवर न्यावी. पाच, आरटीओत मालकी हस्तांतरित होताना बॅटरीच्या स्थितीचा दाखला जोडणे बंधनकारक करावे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून मोठ्या विद्युत बॅटऱ्यांना ‘डिजिटल पासपोर्ट’ लागणार आहे. आपल्याला एवढे मोठे पाऊल लगेच टाकता आले नाही, तरी एका पानाचा दाखला अशक्य नाही.

यांतील कशालाही सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम लागत नाही. लागते ती सवलत देण्याच्या क्षणी अट घालण्याची तयारी. प्रशासनातील माझ्या अनुभवाप्रमाणे अट घालण्याची संधी एकदाच मिळते, फाइलवर सही होण्यापूर्वी. इंधन-निकषांचा पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासून लागू व्हायचा आहे. त्यात हायब्रीडला किती गुण द्यायचे, यावर कंपन्या दिल्लीत हिरिरीने वाद घालत आहेत. ते गुण गाडीच्या कितव्या वर्षापर्यंत खरे ठरले पाहिजेत, हा प्रश्न त्या वादात कोणी तरी विचारायला हवा. ओरत्तनाडुचा किंवा परभणीचा दुसरा मालक त्या बैठकीत नसतो. २०३० नंतरची दुरुस्तीची बिले मात्र त्याच्याच नावाने निघणार आहेत.